ठिपका वाळेपर्यंत

आयजूला अक्षर येत होतं ते एकच. शोऊ. म्हणजे आयुष्य, तेही चांगलं लांबलचक. स्वतःचं नाव कोणी समोर लिहून ठेवलं असतं तर तिला ते ओळखू आलं नसतं, कागदावर ती अंगठाच उठवायची. पण शोऊ तिला डोळे मिटून नुसत्या बोटाने चाचपूनही कळायचं. वरून खाली शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा, पायऱ्या संपल्या की खाली गळासारखा वळलेला एक आकडा, आणि त्या आकड्याच्या कुशीत एक ठिपका.

थोंगशी गावात हे अक्षर मिठासारखं होतं, नाही असं घर नव्हतं. बारशाला मुलाच्या गळ्यात ताईतासारखं चांदीचं कुलूप घालायचे, त्यावर शोऊ. घरातल्या थोरल्याच्या वाडग्याच्या बुडाशी शोऊ, म्हणजे भात संपला की ते खालून वर बघणार. म्हाताऱ्या माणसाच्या वाढदिवसाला शोऊच्या शेवया करायच्या, न तोडता, एकेक शेवई हातभर लांब. त्यांच्या जोडीला पीचच्या आकाराचे वाफवलेले पाव, त्यांवर लाल रंगाने पुन्हा शोऊ. म्हातारपणी शिवून ठेवायचे ते शेवटचे कपडे, त्यांना बटणं नसतात, नुसते बंद असतात. तेही शोऊचे कपडे. आणि माडीवर किंवा पडवीत जे लांबलचक, काळंभोर, झाकणाचं लाकूड ठेवलेलं असायचं, ज्यात एक दिवस आपण आडवं व्हायचं, त्याला तर कोणी शवपेटी म्हणतच नसे. ते शोऊचं लाकूड. आमच्याकडे बावळट माणसालाही 'शोऊचं डोकं' म्हणतात. का ते कोणाला ठाऊक नाही. फार जगलेल्या माणसाच्या डोक्याचं काय होतं ते बघूनच म्हणत असतील.

आयजू नवऱ्याला दिवसातून दोनदा तरी शोऊचं डोकं म्हणायची. नवरा गनश्वे, लाकडांना रोगण देणारा. आसपासच्या सात गावांत एखाद्याने साठी ओलांडली आणि मुलांनी डोंगरातलं देवदाराचं लाकूड उतरवलं, की सुताराच्या पाठोपाठ गनश्वेला बोलावणं यायचं. तेही अधिक महिन्याच्या वर्षी. अधिक महिन्यात केलेलं लाकूड धन्याचं आयुष्य वाढवतं, म्हणून त्या वर्षी त्याला जेवायलाही फुरसत नसे, आणि मधली दोन वर्षं तो घरच्या कोंबड्यांशी भांडत बसायचा.

रोगण म्हणजे झाडाचा चीक. नव्या माणसाच्या अंगावर तो उठतो. लग्न होऊन आली तेव्हा आयजूने नुसतं भांडं धुतलं, तर तोंड एवढं सुजलं की माहेरहून भेटायला आलेल्या भावाने विचारलं, "आमची बहीण कुठंय?" तीन आठवड्यांनी सूज उतरली आणि त्यानंतर चीक तिला कधी उठला नाही. पुढे पन्नास-एक वर्षं तिनेच त्याचं रोगण गाळलं, तिनेच सोनेरी पूड कालवली. रोगणाचा स्वभाव तिला नवऱ्याच्या स्वभावाहून जास्त पाठ होता. तो उलटा असतो. सगळं जग उन्हात वाळतं, रोगण वाळतं ओल्या हवेत. पावसाळी, कुंद दिवशी ते एका रात्रीत दगडासारखं होतं, आणि कोरडा वारा सुटला की आठवडा आठवडा बोटाला चिकटत राहतं. "तुझ्यासारखंच," ती म्हणायची. "लोक हसतात तेव्हा तू रुसतोस."

बाहेरून काळं, दोन्ही टोकांना लाल, आणि डोक्याकडच्या लाल पाटीवर सोनेरी शोऊ. ते अक्षर गनश्वे स्वतः काढायचा, श्वास रोखून. फक्त शेवटचा ठिपका सोडून द्यायचा. ही त्याच्या गुरूची रीत, दुसऱ्या गावात कोणी करत नव्हतं. आकड्याच्या कुशीत नखाएवढी लाल जागा मोकळी राहायची. धनी जिवंत आहे तोवर त्याचं आयुष्य पुरं लिहायचं नाही. तो गेला, अंगावर शोऊचे कपडे चढले, झाकण लागलं, की गनश्वे कुंचला घेऊन यायचा आणि घरच्यांनी रीतीप्रमाणे दिलेला भाताचा गोळा खाऊन झाल्यावर ठिपका टेकवायचा. त्याचं तिथलं काम एवढंच, एक टेकवणं. पण ते होईपर्यंत घरातल्या बायका मोठ्याने रडायच्या नाहीत. ठिपका पडला की सगळ्या एकदम.

कुंचला त्याने आयजूच्या हातात कधी दिला नाही. "तुझा हात थरथरतो," म्हणायचा. हात त्याचा थरथरायला लागला तरी तो हेच म्हणत राहिला.

ज्या वर्षी गावात पहिला टेलिफोन आला, त्याच उन्हाळ्यात हुकूम आला. सरपंच झंगलिन खळ्यावर भोंगा घेऊन उभा राहिला. सप्टेंबरच्या एक तारखेपासून जो जाईल त्याचं दहन, मग पुरायची ती फक्त राख. माडीवरची, पडवीतली सगळी लाकडं त्याच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या ट्रकवर घालायची. जमीन कमी आहे, डोंगर थडग्यांनी भरले आहेत, जग बदललं आहे. झंगलिन वाचत होता आणि वर बघत नव्हता. त्याच्या स्वतःच्या आईचं लाकूड माडीवर होतं.

"एक तारखेच्या आधी जो जाईल त्याचं काय?" म्हाताऱ्या थाओगनने विचारलं. हा गावातला सगळ्यांत चेष्टेखोर म्हातारा, वय ब्याऐंशी, दात दोन.

"त्याचं जुन्या पद्धतीने होईल, आजोबा."

"मग लवकर सांगायचं ना. मी सकाळी उगीच दोन अंडी खाल्ली."

लोक हसले. मग कोणीच हसलं नाही, कारण जो तो मनात दिवस मोजायला लागला होता. एकोणचाळीस.

आयजूनेही मोजले. तिच्या घरात तर मोजायला कारण होतं. वसंतात गनश्वेच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, त्यात आता पोटात पाणी झालेलं. तालुक्याच्या डॉक्टरने पंधरा दिवस सांगितले होते, त्याला आता वीस झाले होते. पलंगावर तो निजलेला असायचा आणि भिंतीपलीकडे पडवीत त्यांची दोन लाकडं शेजारी शेजारी, एकात वाळवलेली रताळी, दुसऱ्यात बियाण्याचा भात. लग्न झालं त्या हिवाळ्यात दोघांनी ओढ्याकाठी लावलेली झाडं होती ती. अडतीस वर्षं वाढवली, मग सुताराला दिली. बारा वर्षं दर पावसाळ्यात रोगणाचा एकेक थर. गनश्वेच्या लाकडात आपलं तोंड दिसायचं. आयजू वेणी घालताना त्यातच बघायची. घरात आरसा होता, पण त्यात सुरकुत्या जास्त दिसायच्या.

भोंग्यावरचं सगळं गनश्वेने खिडकीतून ऐकलं होतं. ती घरात आली तेव्हा तो तुळयांकडे बघत होता. बोलणं त्याचं अर्धं गिळल्यासारखं झालेलं, पण आयजूला कळायचं.

"किती राहिले?"

"कशाचे?"

"वेड पांघरू नकोस. दिवस."

"एकोणचाळीस."

"पुष्कळ आहेत," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्याच्या चालत्या बाजूने हसला. "मला पंधराच दिलेत."

पण शरीर ऐकेना. आयुष्यभर रोगण ढवळलेला, डोंगर चढलेला माणूस. आतून कुठूनतरी उरलेलं निघतच राहिलं. तीस दिवस राहिले, मग वीस. गावात या काळात दोन म्हातारी माणसं गेली. त्यांच्या अंत्ययात्रेत लोक रडताना एकमेकांच्या कानात म्हणायचे, "नशीबवान." दोघांचे ठिपके घालायला गनश्वेला दाराच्या फळीवर घालून उचलून न्यावं लागलं. डाव्या हाताने घातले. परत येताना तो म्हणाला, "सगळ्यांचं वेळेवर होतंय."

बारा दिवस राहिले तेव्हा त्याने तोंड मिटून घेतलं. आयजू पेज घेऊन बसली होती, चमचा ओठाला लावला तरी ओठ उघडेनात.

"गरम आहे का?"

त्याने मान हलवली.

"मीठ कमी?"

"म्हातारे," तो म्हणाला, "नको देऊस आता. वेळेत जाऊ दे मला."

तिने वाडगा खाली ठेवला. चुलीपाशी जाऊन बसली. चूल पेटलेली नव्हती, तरी फुंकणी घेऊन दोनदा फुंकर मारली. आपल्याला राग आला आहे की रडू, हे तिचं तिला कळेना. तिलाही तेच हवं होतं, हे सगळ्यांत वाईट. गेले कित्येक दिवस ती पहाटे उठली की आधी त्याच्या छातीकडे बघायची. छाती हलताना दिसली की जिवाला थंडावा वाटायचा आणि पाठोपाठ मनात यायचं, अरे देवा, अजून एक दिवस गेला. दोन्ही एकाच श्वासात. असं मन घेऊन नवऱ्याला पेज भरवायची म्हणजे काय करायचं? घट्ट करायची की पातळ? ती रोज हाच विचार करत पातेलं ढवळत होती.

शेवटी उठली आणि वाडगा घेऊन परत त्याच्यापाशी गेली. "अर्धा खा," म्हणाली. "अर्धा तुझ्यासाठी, अर्धा माझ्यासाठी."

"ही काय भाजीबाजारातली घासाघीस आहे?"

"तू खा रे शोऊच्या डोक्या."

त्याने तीन चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवसापासून नुसतं पाणी. आयजूने जबरदस्ती केली नाही. असं करत चारच दिवस राहिले होते, आणि त्याचे डोळे आत आत चालले होते. तिला वाटलं, होईल. जमेल याला.

पण मध्ये त्याचा वाढदिवस आला. आमच्याकडे पुरुषाची ऐंशी एकोणऐंशीव्या वर्षीच साजरी करतात. दहाचा आकडा पुरा गाठू नये, गाठला की पुढे जायला जागा उरत नाही असं मानतात. वन्झौच्या चपलांच्या कारखान्यात कामाला असलेली त्यांची मुलगी मेइश्या रजा टाकून आली. येताना बापासाठी गोड पाव आणि मऊ चपला घेऊन आली. चालता न येणाऱ्या माणसाला चपला. आयजूने त्या कौतुकाने पलंगाखाली मांडून ठेवल्या.

"आई, शेवया करायच्या ना?"

"तो खात नाही काही."

"वाढदिवसाच्या शेवया कोणी नाही म्हणतं का? दुसऱ्याच्या घरात सुद्धा नाही म्हणत नाहीत."

हे खरं होतं. शोऊच्या शेवया पुढे आल्या की भरल्या पोटाने, आजारी माणसाने, भांडण झालेल्या शेजाऱ्यानेही दोन घास घ्यायचे. नाही म्हटलं तर करणाऱ्याचंच आयुष्य कमी होतं. आयजूने कणीक मळली, तेलाच्या हाताने दोऱ्या ओढल्या, बांबूवर ताणल्या. पन्नास वर्षांची सवय, हात आपले आपणच चालत होते. त्या कढईत सोडताना तिच्या मनात एकदा आलं, की आज करू नयेत. पोरगी काय म्हणेल म्हणून केल्या. आणि खरं सांगायचं तर, पोरीचं निमित्त होतं.

मेइश्याने बापाला उशीला टेकवून बसवलं. तो शेवयांकडे बघत राहिला. मग आयजूकडे बघितलं, लबाडी पकडल्यासारखं.

"हे तू मुद्दाम केलंस."

"खायचं तर खा. नाही खाल्लंस तर मी आधी जाईन, मग बस पेज करत."

त्याने तोंड उघडलं. एक शेवई, न तुटता, हळूहळू आत गेली. मग दुसरी. मग रस्सा प्यायला, वाडग्याच्या बुडाचं शोऊ दिसेपर्यंत. मेइश्याने टाळ्या वाजवल्या. आयजूने वाडगा घेतला आणि बाहेर येऊन तो नको इतका वेळ धूत राहिली. संध्याकाळी गनश्वेच्या गालावर किंचित रंग होता.

तीस तारखेला दुपारी थाओगन काठी टेकत आला. मागे आणखी सात-आठ म्हातारी. सगळी दारात थबकली.

"गनश्वे, जिवंत आहेस ना रे?"

"आहे. तूही?"

"चुकून." थाओगन पलंगापाशी बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "उद्या ट्रक येणार. माझं लाकूड अर्धवट अक्षराने जाणार. बारा वर्षं तुझ्या त्या नखाएवढ्या जागेकडे बघत झोपलोय मी. जायचंच असेल तर पुरं होऊन जाऊ दे. ठिपका घाल."

"तू मेलायस का?"

"लाकूड मरतंय ना."

लिआनफेन नावाची शेजारीण पदरासारखा रुमाल तोंडाला लावून उभी होती. गनश्वेने आपला डावा हात उचलून बघितला. तो आता नुसत्या चादरीवरही स्थिर राहत नव्हता. मग त्याने आयजूकडे मान वळवली.

"सोनेरी पूड कालव."

"कोण घालणार?"

"तूच. दुसरं कोण आहे?"

"माझा हात थरथरतो म्हणायचास."

"ते खोटं होतं," गनश्वे म्हणाला. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. सांगितलं असतं तर मला कोण विचारणार होतं?"

पन्नास वर्षांचं गुपित आणि सांगायला ही वेळ. आयजूने पूड कालवायला घेतली.

त्या दुपारी ती घरोघर गेली. सव्वीस लाकडं. माडीवर चढायचं, वर ठेवलेल्या टोपल्या, कांदे, जुनी सायकल बाजूला करायची, धुळीतून लाल पाटी पुसून काढायची. धनी शेजारी उभा. तिने कुंचला टेकवायचा. पहिल्यांदा लिआनफेनच्या घरी टेकवला तेव्हा ठिपका इतका नेटका बसला की आयजूच बघत राहिली. आणि लिआनफेनने, रीत अंगात मुरलेली, स्वतःच्याच लाकडाशेजारी उभं राहून मोठ्याने गळा काढला. तिच्या सुनांनाही कळेना काय करावं. मग त्याही रडल्या. सासू धडधाकट उभी आणि तिच्या नावाने सगळं घर रडतंय.

हळूहळू गावभर तेच झालं. एका घरातून रडणं थांबायचं तोवर दुसऱ्यातून सुरू. झंगलिनच्या आईने मात्र रडायला नकार दिला. "माझ्या मुलानेच हुकूम वाचलाय," म्हणाली, "रडायचं तर त्याने रडावं." झंगलिन दारातच उभा होता. तो आत आला नाही.

थाओगनचं सगळ्यांत शेवटी. त्याने लाकडाच्या आतले शेंगदाणे आधीच काढून पोतं भरून ठेवलं होतं.

"नीट घाल हं वहिनी. माझ्या आयुष्यात पुरं झालेलं हे पहिलंच काम."

ठिपका पडला. तो वाकून बघत राहिला, नाक पाटीला लागेपर्यंत. "छान दिसतोय," म्हणाला. "मेल्यावर दिसला नसता." आयजू शिडी उतरून खाली येईपर्यंत तो तसाच वाकलेला होता.

घरी आली तेव्हा वाटीत सोनेरी रोगण थोडं उरलं होतं. पडवीत दोन लाकडं उरली होती. ती गनश्वेच्या लाकडापुढे उभी राहिली. आत तिचं तोंड दिसत होतं, अंधूक, काळं.

"घालू का?" तिने भिंतीपलीकडे विचारलं.

बराच वेळ उत्तर आलं नाही. तिला वाटलं झोप लागली असेल. मग वाटलं, कायमची लागली असेल. तो विचार आला तशी ती धावत आत गेली. तो जागा होता.

"घालायचा असेल तर घाल," तो म्हणाला. "पण मी अजून गेलो नाहीये. चारदा प्रयत्न केला."

"मग नाही घालत."

"आणि तुझं?"

"माझं कोण घालणार? स्वतःचं स्वतः कोणी घालतं का?"

तिने कुंचला धुऊन टाकला.

एकतीस तारखेला सकाळी तीन ट्रक आले. लाकूड उचलायला आठ माणसं लागतात, तीही तालुक्याहून आणलेली. ओळखीचं कोणी हात लावायला तयार नव्हतं. त्यांनी दोन दोन करून खळ्यावर लाकडं आणून रांग लावली, आणि तिथे गाव पहिल्यांदाच बघत होतं, की आपल्याकडे एवढी सोनेरी अक्षरं होती. सव्वीस पुरी, दोन अर्धी. ट्रकवर जागा पुरेना म्हणून काहींवर तिथेच करवत चालवली. गनश्वेचं लाकूड पहिल्याच ट्रकवर चढलं, आयजूचं त्याच्या शेजारी. तेवढं बरं झालं. पण करवतीचा आवाज खिडकीतून येत राहिला. कुठलं लाकूड कापलं जातंय ते गनश्वे आवाजावरून सांगत होता. "हे थाओगनचं. मधे गाठ आहे त्याच्यात. बघ, अडकली करवत." आयजूने खिडकी लावून घेतली. तरी तो सांगतच राहिला.

तो त्यानंतर बारा दिवस जगला. खायला आता ना नव्हती; मुद्दाम करायचं काहीच उरलं नव्हतं. आयजू पेज करायची, तो खायचा, कधी कधी दोघं थट्टाही करायची. शेवयांचं नाव मात्र दोघांनी काढलं नाही. तो वाडगा पुढे केला नसता तर. चार दिवस. नुसते चार दिवस. ही गोष्ट ती भांडी घासताना, शेंगा सोलताना, त्याचं अंग पुसताना मनात उलटीसुलटी करायची, आणि दर वेळी याच ठिकाणी येऊन थांबायची, की पुन्हा तो दिवस आला तरी ती शेवया करेल. हेच तिला स्वतःचं माफ करता येईना. शेवटच्या सकाळी त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, दोनदा दाबलं, आणि सोडलं. "थरथरत नाही," म्हणाला.

तालुक्याची गाडी आली. मेइश्या सोबत गेली आणि दुसऱ्या दिवशी बसने परत आली, मांडीवर लाल गाठोडं घेऊन. गाठोड्यात पेटी. भात मोजायच्या मापाएवढी, गुळगुळीत, चकचकीत तपकिरी. डोक्याकडची बाजू कुठली, पायाकडची कुठली, कळायला काही मार्ग नाही. समोर उठावाचं सोनेरी शोऊ. पुरं, ठिपक्यासकट.

आयजूने त्यावरून बोट फिरवलं.

"हा कोणी घातला?"

"काय?"

"ठिपका."

"मशीनने, आई. सगळ्या पेट्यांना असाच येतो."

"आणि कोणी जिवंतपणीच पेटी घेऊन ठेवली तर?"

"आता आधी घेऊन ठेवत नाहीत," मेइश्या म्हणाली, आणि मग आईकडे बघून तिला रडू आलं. आयजूला आलं नाही. ती थांबली होती.

मेइश्याची रजा संपली, ती गेली. आयजूने गनश्वेची पेटारी उघडली, त्यातली छोटी खरवडायची पाती काढली. अंगणात बसून, पेटी गुडघ्यांत धरून, तिने तो मशीनचा ठिपका हळूहळू खरवडून काढला. खाली लाल काही नव्हतं, राखाडी होतं. हरकत नाही म्हणाली. वाटीच्या तळाशी उरलेलं रोगण नव्याने कालवलं, पूड घातली, आणि श्वास रोखून आकड्याच्या कुशीत एकदाच टेकवलं. नेटका बसला. शेजारी लिआनफेन होती, ती सवयीने रडायला लागली. आयजूही रडली, मोठ्याने, जसं रडायचं असतं तसं.

चार-पाच दिवसांनी झंगलिन आला. हातात कागद, पण तो त्याने मागे धरला होता.

"काकी, आता ठेवून यायला हवं. डोंगराखाली सार्वजनिक जागा केली आहे. गनश्वेकाकांचा नंबर लागलाय, चांगली जागा आहे, ओढा दिसतो."

"हो रे. जाणारच."

"कधी?"

"ठिपका ओला आहे अजून. ओल्या ठिपक्याने कसं नेऊ? पुसला जाईल."

झंगलिनने वाकून बघितलं, बोट लावलं. बोटाला सोनं लागलं. "उन्हात ठेव ना," म्हणाला. "लवकर वाळेल."

"ठेवलाय ना उन्हातच," आयजू म्हणाली.

पेटी खरोखरच खिडकीच्या कट्ट्यावर होती, थेट उन्हात. शरदातला कोरडा वारा तिच्यावरून सरसरत जात होता. खाली रांजणाजवळचा ओलसर कोपरा, जिथे ती पन्नास वर्षं रोगणाची भांडी वाळायला ठेवत आली होती, तो रिकामा होता.

"बरं," झंगलिन म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येतो."

"ये. चहा घ्यायला ये."

तो गेल्यावर तिने पेटी जरा सरकवली, सावली पडत होती तिथून अजून उजेडात. मग दोन वाडगे काढले, चूल पेटवली, आणि पेज घट्ट करायची की पातळ, याचा थोडा वेळ विचार करत उभी राहिली.